मार्सेलिनाचा मसाला, ग्लेनरॉयची साईट

ग्लेनरॉयने आमच्या मम्मीचा बाटली मसाला चोरला, हे मरोळ गावठाणात मी एकटीच बोलत होते. बाकी सगळे त्याला झकास मुलगा म्हणायचे.

चोरला म्हणजे बाटल्या नाही हो. "आन्टी, फोटो काढतो, आठवण राहील," म्हणत माझा हा चुलतभाऊ मे महिनाभर आमच्या अंगणात बसला. मम्मी मिरच्या कशा भाजते, बियरच्या बाटलीत काठीने मसाला कसा ठासते, सगळं लिहून घेतलं. पुढच्याच महिन्यात त्याची वेबसाइट हजर: 'ग्लेनरॉयचा घराण्याचा मसाला'. फोटोत हात मम्मीचे, अंगठ्यावरच्या भाजल्याच्या डागासकट. मम्मीचं नाव कुठेच नाही. मेला!

चर्चच्या फेस्टला मम्मीचा दरवर्षी स्टॉल असतो. यंदा कमिटीचे इग्नेशियस अंकल म्हणाले, "ग्लेनरॉयचा आहे ना, मार्सेलिना, परत तोच मसाला कशाला?" म्हणजे मम्मीनेच नक्कल केली! तिने घरी येऊन मिरच्यांचं पोतं बांधून माळ्यावर टाकलं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जाऊ दे गं, बेव्हर्ली. घरचाच आहे."

"घरचा आहे म्हणूनच सोडणार नाही," मी म्हटलं.

वेबसाइटी सर्चमध्ये नीट दिसाव्यात, हे माझं रोजचं काम. पानावर माणसाला दिसतो तो मजकूर वेगळा. त्याच्या मागे सर्च इंजिनला कळावं म्हणून आम्ही माहिती ठरावीक रकान्यांत लिहून ठेवतो: पदार्थ कोणता, बनवणारी कोण, फोन काय. त्याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. पान उघडणाऱ्याला तो दिसत नाही.

मी मम्मीच्या नावाने साईट काढली आणि चौदा पाककृती टाकल्या. प्रत्येकीच्या मागे लिहिलं, बनवणारी मार्सेलिना, आणि मम्मीचा फोन नंबर. सगळं खरं. ग्लेनरॉय उचलणार याची मला खात्री होती. शाळेत माझा निबंध उतरवताना त्याने माझा रोल नंबरसुद्धा उतरवला होता.

आठवड्यात चौदाही पानं त्याच्या साईटवर! दिसणारं नाव तेवढं बदललं, मागचं सगळं जसंच्या तसं. थोड्याच दिवसांत सर्चमध्ये त्याच्या साईटखाली मम्मीचं नाव आणि नंबर यायला लागला. लोक तिलाच फोन करू लागले. मम्मीने माळ्यावरचं पोतं खाली काढलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर ग्लेनरॉय लॅपटॉप घेऊन अंगणात घुसला. मम्मीच्या मदतीला आलेल्या बायका मसाला कुटत होत्या.

"माझ्या साईटवर काय लिहिलंस गं?"

"मी कशाला लिहू? तूच उतरवलंस."

"पान खालीवर शोधलं, कुठेच दिसत नाही! वाट लागली यार माझी. काढ ते."

तेवढ्यात मम्मीचा फोन वाजला. इग्नेशियस अंकल. "मार्सेलिना, सर्चमध्ये तुझं नाव येतंय. मसाला नक्की कोणाचा गं?"

मम्मीने स्पीकर लावला आणि मिरचीने लाल झालेल्या हाताने फोन ग्लेनरॉयपुढे धरला. "तूच सांग रे बाबा. सांगितलंस तर बेव्हर्ली दाखवेल कुठे आहे ते."

मुसळं थांबली. "आन्टीचा," तो पुटपुटला.

"मोठ्याने," मी म्हटलं.

"मार्सेलिना आन्टीचा आहे! मी उतरवला."

असं गार वाटलं म्हणून सांगू!

"स्टॉल तुझाच गं, मार्सेलिना," अंकल म्हणाले. मम्मी पदराने डोळे पुसायला गेली आणि मिरचीचा हात लागून आणखीच रडली.

मम्मीचा शब्द मोडायचा नाही, म्हणून मी लॅपटॉपवर त्याला ती जागा दाखवली. त्याने तिथलं मम्मीचं नाव आणि नंबर घाईघाईने पुसला आणि मान खाली घालून निघून गेला.

ते एकाच पानावरचं होतं. बाकीच्या तेरा पानांचं त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.