डाव्या पायाचा कलबूत

मित्रांनो, मला हाडं नाहीत, नखं नाहीत, तरी मी पाय आहे. डावा, लाकडी आणि चांगलाच जुना. मला कलबूत म्हणतात. बूट करणारा कारागीर माझ्यावर चामडं ताणतो, ठोकतो, शिवतो आणि शेवटी मला बाहेर ओढतो. मग जी पोकळी उरते तिच्यात माणसाचा पाय जातो. तुमच्या पायातल्या बुटातही तुमच्या आधी कोणीतरी माझ्यासारखा राहून गेलेला असणार.

मी एका तरुणाच्या मापाने जन्मलो. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि त्याचं लग्न ठरलं होतं. ज्या दुकानात तो बूट करायला शिकत होता, तिथल्या गुरूने त्याला एका संध्याकाळी कागदावर उभं केलं. सकाळी नाही, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि खरं माप संध्याकाळचंच, असा त्या दुकानाचा नियम होता. पायाभोवती पेन्सिलीची रेघ मारली, चवड्याला फीत गुंडाळली आणि दोन वर्षं सावलीत वाळवलेल्या लाकडावर कानस चालवली. आधी मी झालो, मग माझा उजवा भाऊ.

पुढे तो तरुण स्वतः दुकानाचा मालक झाला आणि सगळी गल्ली त्याला मामा म्हणू लागली. मामांच्या मापाचे पाय पुष्कळ लोकांना असत, त्यामुळे आम्हाला उसंत नव्हती. पोस्टमनचे बूट माझ्यावर झाले, शाळेतल्या बाईंचे झाले, बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्याचेही झाले. बूट बरोबर बसलाय का, असं कोणी विचारलं की मामा म्हणत, "मला काय विचारता? पायाला विचारा. पाय खोटं बोलत नाही."

मग कारखान्यातले तयार बूट आले. मामांकडे टाचा बदलायचं आणि शिवण मारायचं काम उरलं. आम्हा दोघा भावांना वादीने बांधून छताजवळच्या खिळ्याला टांगलं गेलं. तिथे आम्ही नऊ वर्षं लटकलो. कोळ्याने माझ्या टाचेत घर केलं. पण उंचावरून दुकान मात्र सगळं दिसायचं.

एका वर्षी मला दिसलं की मामा सारखं पाणी पितात आणि सारखे उठून मागच्या घरात लघवीला जातात. विजार कंबरेला सैल झाली. सुईत दोरा ओवायला चार-चार प्रयत्न लागू लागले. शेजारच्या मशीनवर चामडं शिवणाऱ्या मामी म्हणाल्या, "पाणी पिताय की पाण्यात राहायला जाताय?"

"उकडतंय," मामा म्हणाले.

"मला नाही उकडत ते?"

दुसऱ्या दिवशी मामी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या. उपाशीपोटी रक्तातली साखर शंभराच्या खाली असावी. मामांची दोनशे तीस निघाली. मधुमेह. घरी येऊन मामांनी एका वाक्यात निकाल लावला. "चहातली साखर बंद. विषय संपला."

"आणि ते चार पाव?"

"पाव काय गोड असतो?"

"डॉक्टर सांगत होते ते ऐकलंत, की नुसती मान हलवत होतात?"

"मान हलवत होतो," मामांनी कबूल केलं.

पण माणूस मुळात मापाचा. बोटाला टोचून साखर मोजायचं छोटं यंत्र घरी आलं, तसा त्यांना त्यात रस वाटू लागला. एकदा त्यांनी नुसता कोरडा पाव खाल्ला आणि दोन तासांनी मोजलं. "अगं ए, हा पाव लबाड आहे! अंगात साखर नाही आणि आकडा बघ किती चढवलाय!" चाराचे दोन पाव झाले, अर्धं ताट भाजीचं झालं, आणि मशीनच्या शेजारी आकड्यांचा कागद लागला. डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: जेवणानंतर चालायचं, आणि पाय तपासून घ्यायचे. पहिली मामांना पटली. दुसरीची चिठ्ठी त्यांनी खणात टाकली. "माझ्या पायांना काय धाड भरलीय?"

चालायचं तर बूट हवेत. मामांनी आम्हाला खाली उतरवलं. नऊ वर्षांनी माझ्यावर हात फिरला, मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

"माप तरी घ्या," मामी म्हणाल्या.

"हा माझाच पाय आहे. स्वतःच्या पायाचं माप कोण घेतं?"

सहा दिवसांत बूट तयार झाले. मामा रोज चालू लागले. आकडे उतरू लागले. परत आले की बुटाचा आकार राहावा म्हणून ते मला त्यात बसवत आणि ऐटीत म्हणत, "असे बूट जन्मात केले नव्हते. पाय चकार शब्द काढत नाही."

पाचव्या दिवशी मोजे धुताना मामींचा हात थांबला. "हे पॉलिश आहे का हो?"

ते पॉलिश नव्हतं. डाव्या करंगळीच्या बुडाशी शर्टाच्या गुंडीएवढी जखम होती, ओली आणि लाल. मामांना तिचा पत्ताच नव्हता. मामींनी तो बूट माझ्यासकट पिशवीत टाकला आणि दोघं दवाखान्यात गेले.

तिथल्या सिस्टरने जखम साफ केली. मग एक बारीक नायलॉनचा दोरा घेतला. "डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा."

मामा डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला. "करा ना सुरू, सिस्टर," ते म्हणाले.

सिस्टरने मामींकडे पाहिलं. तळव्याला सहा ठिकाणी टोचून झालं होतं.

"साखर तुम्हाला आत्ता कळली," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "पण ती आत बरीच वर्षं मुक्कामाला असणार. तिने पायाच्या नसा दुखावल्यात. आता बूट चावला तरी पाय सांगणार नाही. ही जखम खोल गेली, तर बोट काढावं लागेल."

मग त्यांनी मामांना कागदावर उभं केलं, पायाची रेघ मारली आणि त्या रेघेत मला ठेवलं. करंगळीच्या बाजूला अकरा मिलिमीटर जागा उरली.

"हा कोणाचा पाय?"

"माझा."

"कधीचा?"

"लग्नातला," मामी म्हणाल्या.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच माफी मागितली असती. त्यांच्या पायाला चावलो होतो तो मीच. घरी आल्यावर मामांनी मला उचलून चुलीपाशी नेलं. मामींनी त्यांचा हात धरला. "आपलेच दात, आपलेच ओठ. लाकडाला कशाला बोल लावताय? ते होतं तसंच राहिलंय. बदललात तुम्ही."

मामांनी मला परत नेऊन दुकानातल्या फळीवर ठेवलं.

जखम भरायला सात आठवडे लागले. चालणं बंद. दिवसाआड ड्रेसिंग. दर वेळी पट्टी सोडली की मामा विचारत, "बोट राहील ना गं?" आणि मामी म्हणत, "आकडा नीट ठेवा, राहील." एकदा चिडून त्यांनी दुपारचं जेवण टाळलं आणि मधुमेहाची गोळी मात्र घेतली. साखर एकदम खाली गेली, हात थरथरायला लागले, घाम फुटला. तेव्हा मामींनीच त्यांना साखरपाणी पाजलं आणि मग तासभर बोल सुनावले. त्यानंतर गोळी आणि ताट एकत्रच आलं.

जखम मिटली त्या संध्याकाळी मामा आपणहून कागदावर उभे राहिले आणि मामींच्या हातात पेन्सिल दिली. मग त्यांनी चामड्याचे पातळ तुकडे माझ्या कडेला चिकटवले, घासले, पुन्हा चिकटवले. नवे बूट मऊ, रुंद, आतून एकही शिवण नसलेले झाले. पहिल्या दिवशी ते फक्त दहा मिनिटं चालले. आल्यावर मामींनी पाय मांडीवर घेतला. "टाचेला लाल झालंय."

"मला काही वाटत नाहीये."

"तुम्हाला कोण विचारतंय?"

मामा खो खो हसले आणि माझ्या टाचेवर आणखी एक तुकडा चढला. आता रोज बूट घालण्याआधी ते आत हात फिरवून खडा, खिळा शोधतात, आणि आल्यावर आरशात तळवे पाहतात. मी पूर्वीसारखा गुळगुळीत राहिलो नाही. ठिगळांनी बेढब झालोय. पण मामांच्या डाव्या पायाला पाचही बोटं आहेत.

मित्रांनो, एका जुन्या कलबुताचं एवढं ऐका. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नका. तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल तर आज संध्याकाळी त्यांना मोजे काढायला सांगा. ते लाजतील, "मला काही झालेलं नाही" म्हणतील. तुम्ही खाली बसा, दिवा जवळ घ्या आणि तळवे नीट बघा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.