दुसऱ्या भागातली पोरगी

विशाखा सुट्टीला नांदेडहून किल्लारीला निघाली तेव्हा तिच्या बॅगेत निम्मी जागा एका पुस्तकानंच खाल्ली होती. पहिला भाग तिनं अकरावीत वाचला होता. दगडांच्या राज्यात शिरलेली मिहिका नावाची पोरगी, आणि शेवटच्या पानावर तिच्यामागं मिटलेली वेस. तेव्हापासून ती दुसऱ्या भागाची वाट बघत होती. आता तो हातात आला, तर अहमदपूर कधी गेलं आणि लातूर कधी आलं, तिला कळलंच नाही. घरी आल्यावर तिनं तो संपवला आणि लगेच पुन्हा पहिलं पान उघडलं.

"काय हाय एवढं त्यात?" पीठ मळता मळता आईनं, सिंधुनं विचारलं.

"मिहिका जमिनीखाली अडकलीय. ती हाका मारती, पण वरच्या लोकांना वाटतं जमीनच गुरगुरतीय."

आईचा हात पिठातच थांबला.

बोलून गेल्यावर विशाखानं जीभ चावली. भूकंपात आई आठ वर्षांची होती. तिला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. थोरल्या बहिणीपर्यंत, नागूपर्यंत, लोक वेळेत पोचले नाहीत. आई त्याबद्दल कधीच बोलत नसे. जमिनीत जरा गुडगुडलं की मात्र तव्यावरची भाकरी तशीच टाकून अंगणात पळायची. आणि त्या आठवड्यात ते आवाज पुन्हा सुरू झाले होते.

"ठिव ते तिकडं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विशाखा मैत्रिणीकडून परतली, तर आई भिंतीला टेकून तेच पुस्तक वाचत होती, ओळीखाली बोट धरून. विशाखाला हसू आलं. बरंही वाटलं. संध्याकाळी दोघी मिहिकाबद्दल बोलत बसल्या. आईला वाचून झालेल्या पानांतलं बारीकसारीकही पाठ झालं होतं.

मग आई एकटीच बोलू लागली. "तिला तहान लागली असंल," भांडी घासताना म्हणायची. आवाज झाला की आता ती पळत नव्हती. पुस्तक घेऊन सावकाश उठायची, उंबऱ्यात थांबून मागं बघायची.

शनिवारी दुपारी विशाखा अंगणात कपडे वाळत घालत होती. पायाखालून आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा. फळीवरची भांडी खणखणली. गल्लीतली माणसं घराबाहेर आली. शेजारच्या बसम्मा ओरडल्या, "सिंधु कुठाय गं?"

विशाखा आत धावली. आई भिंतीपाशी बसली होती, मांडीवर पुस्तक. केसांवर गिलाव्याची भुकटी पडली होती. वर छताला भेग गेली होती. विशाखानं तिला पुस्तकासकट दंडाला धरून ओढत बाहेर आणलं.

"ऐकू आलं न्हाई का तुला?"

"आलं की."

"मग?"

"ती आत होती. एकटीला सोडून कसं येऊ?"

बसम्मांनी तोंडावर पदर धरला. आईनं विशाखाकडं बघितलं. "तू वाचलंयस सगळं. निघती का ती?"

खोटं बोलावं असं विशाखाला वाटलं. पण आई शेवटचं पान वाचणारच होती.

"न्हाई, आई."

आईनं पुस्तक तिच्या हातात दिलं.

सुट्टी संपली. विशाखा पुस्तक बॅगेत घालून नांदेडला गेली. आठवडा झाला नाही तोच वडिलांचा, आनंदराजांचा फोन आला. ते साखर कारखान्यात कामाला होते. फोनवर कामापुरतंच बोलायचे. "आई दिवसभर घरात बसती. हादरा बसला तरी उठत न्हाई. भिंतीला कान लावती. तू ये."

विशाखा पोचली तेव्हा दार उघडंच होतं. आईनं शेजारच्या फरशीवर हातानं थोपटलं. "ये, बस. एकटीनं ऐकून ऐकून कान दुखायलेत."

विशाखानं तिला ओढलं नाही. दार तसंच उघडं ठेवून ती जवळ बसली आणि आईचं मनगट हातात घेतलं. भिंत गार होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खाली कुठंतरी गुडगुड सुरू झाली, वर वर येऊ लागली.

"चल, आई."

आई हलली नाही. विशाखा उभी राहिली, मनगट न सोडता. "तू न्हाई उठलीस तर मीबी हितंच."

तेव्हा आईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग भिंतीकडं वळून हळूच म्हणाली, "पोरीला बाहेर सोडून आलेच गं, नागू."

आणि उठली.