खोट्या लग्नाची कादंबरी

"बाळ झोपलं की तूही झोप गं. पुस्तक काही पळून जात नाही," मला एका नव्या आईच्या हातात देताना वाचनालयातल्या काकू म्हणाल्या होत्या. तिनं ते हसण्यावारी नेलं. "काकू, वाचणं हाच माझा आराम," ती म्हणाली.

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझी शिवण सैल झाली आहे, पाठीला चिकटपट्टी आहे आणि पोटात एक खोटं लग्न आहे. वेढा पडलेल्या शहरातून निसटण्यासाठी वैद्याची मुलगी आणि एक परका शिपाई नवरा-बायकोचं सोंग घेतात. वेशीवरचा पहारेकरी दरडावतो, "नवऱ्याला काय आवडतं, सांग." ती बेधडक सांगते, "मी." त्या एका शब्दावर माझे कितीतरी वाचक गालात हसले आहेत.

ही बाळाची आईही हसली. बाळाला मांडीवर घेऊन ती मला मोठ्यानं वाचायची. शिपायाचं बोलणं तर घोगरा आवाज काढून. शेजारच्या वहिनींनी एकदा खिडकीतून विचारलं, "कोणाशी गप्पा चालल्यात?"

"नवऱ्याशी."

"ते तर कामावर गेले ना?"

"हा दुसरा. खोटा आहे, पण बायकोचं ऐकतो तरी."

दोघी पोट धरून हसल्या. मला तर आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

मग हळूहळू तिचा आवाज बंद झाला. बाळ झोपायचं, पण तिचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. मी हातात उघडी असायची आणि तिची नजर एकाच ओळीवर खिळलेली. त्या पानावर शिपाई म्हणतो, "तू 'बरी आहे' फार पटकन म्हणतेस." तिनं त्या पानाचा कोपरा दुमडला. तेवढ्यात आईचा फोन आला. "मस्त चाललंय," ती पटकन म्हणाली. मला सगळं दिसत होतं. पण पुस्तकाला आपणहून तोंड उघडता येत नाही.

तिचा नवरा भला माणूस. तिचे सुजलेले डोळे पाहून त्यानं मला पिशवीत घातलं आणि वाचनालयात परत आणून दिलं.

"वाचून वाचून झोपेचं खोबरं केलंय तिनं," तो म्हणाला.

"मी बजावलं होतं," काकूंनी मान हलवली.

दोघांनी तिच्या भल्याचंच पाहिलं. माझ्यामुळे ती जागत नव्हती, जागेपणी तिला माझी सोबत होती, हे मी कोणाला सांगणार?

आता मी फळीवर आहे. तो कोपरा तसाच दुमडलेला आहे. पुढच्या पानावर शिपाई उठून जात नाही, वैद्याच्या मुलीजवळ बसून राहतो. तिथवर ती पोचलीच नाही.

मित्रांनो, तुमच्या शेजारीपाजारी नुकतं बाळ झालेली एखादी ताई असेल, तर तुमच्या आईला घेऊन आजच तिच्याकडे जा. बाळाला नंतर घ्या. आधी तिला विचारा, तुला झोप लागते का? ती "मस्त चाललंय" म्हणाली, तर लगेच उठू नका.