एर्सिलियाचा वाकडा खिळा

मी एक खिळा बोलतोय. तोही सरळ नाही, वाकडा. सरळ खिळ्याला भिंत मिळते, दार मिळतं, एखादी तसबीर तोलून धरायचा मान मिळतो. वाकड्याला कोण विचारतो? पण आमच्या इटलीतल्या ऑपेराच्या थिएटरांत सगळंच उलटं. तिथे सरळ खिळा म्हणजे नुसतं लोखंड, आणि वाकडा खिळा म्हणजे नशीब.

पो नदीकाठच्या एका गावात, थिएटरमागच्या सुतारखान्यात मी कामाला लागलो. तेव्हा मीही इतरांसारखा ताठ होतो. अदेल्मो नावाच्या तरुण सुताराने मला एका राजवाड्याच्या कापडी भिंतीत ठोकलं. प्रयोग संपले, राजवाडा उतरवला आणि उपटताना माझी कंबर वाकली ती कायमची. अदेल्मोने मला फेकलं नाही, खिशात टाकलं.

रीत अशी होती. प्रयोगाआधी गाणाऱ्याने मंचावर फिरून वाकडा खिळा शोधायचा. सापडला तर आवाज लागणार. मात्र तो आपला आपल्याला सापडायला हवा. कुणी हातात आणून दिला तर त्यात काही राम नाही, उलट अपशकुनच. भलेभले जाडजूड गायक मी त्या फळ्यांवर रांगताना पाहिलेत. माणसं देवापुढेही एवढी वाकत नाहीत.

एर्सिलियालाही मी पहिल्यांदा पाहिलं ते रांगतानाच. भाताच्या खाचरात गवत उपटणाऱ्या बाईची ही मुलगी. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून गायची, तिचाच गळा पोरीने घेतलेला. एर्सिलिया कोरसात मागच्या रांगेत उभी राहायची. त्या दिवशी मुख्य गायिकेचा घसा बसला आणि हिला पुढे ढकललं. सगळ्यात उंच स्वरात गाणारी नायिका, सोप्रानो! अंगावर दुसरीच्या मापाचा झगा.

"देर्ना, एकही नाही गं! कुण्या मेल्याने आजच मंच झाडून ठेवलाय."

देर्ना तिची थोरली बहीण, थिएटरात कपडेपट सांभाळायची. ती म्हणाली, "ऊठ आधी, झगा मळतोय. जा, लांडग्याच्या तोंडात जा एकदाची!"

आमच्याकडे शुभेच्छा अशाच देतात. सरळ शुभ चिंतलं तर घात होतो म्हणे.

"मरो मेला लांडगा," एर्सिलियाने रीतीप्रमाणे उत्तर दिलं, पण डोळे भरलेले होते.

तिचंही बरोबर होतं. आमच्या थिएटरच्या वरच्या माळ्यावर न्हावी, खाटीक, चीजवाले बसायचे. त्यांना प्रत्येक ऑपेरा तोंडपाठ. तुमच्याकडे शिट्टी कौतुकाची असेल, आमच्याकडे शिट्टी म्हणजे तोंडावर मारलेली चपराक. माळ्याने शिट्टी वाजवली की नामांकित गायिकाही पुन्हा आमच्या गावाचं नाव घ्यायच्या नाहीत.

अदेल्मो कापडी झाडामागे हातोडा घेऊन उभा होता. त्याने तिचं तोंड पाहिलं. मग मला खिशातून काढलं, खाली टाकलं आणि बुटाच्या टोकाने हळूच एका बाकाखाली सरकवलं. लगेच दुसरीकडे बघून उगीचच हातोडा आपटायला लागला.

"सापडला!" एर्सिलिया ओरडली. "देर्ना, माझा मला सापडला!"

देर्नाने मला घाईघाईने झग्याच्या काठात शिवून टाकलं. त्या दिवशी पोरगी अशी गायली की माळ्यावरचा न्हावी रडला, आणि त्याने बायको गेली तेव्हासुद्धा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं म्हणतात.

तिथून तिचं आणि माझं आयुष्य एकच झालं. मिलान, व्हिएन्ना, ब्यूनोस आयरिस, मी सगळं पाहिलं ते शिवणीच्या भोकातून. झगे बदलले, मी प्रत्येक नव्या काठात गेलो. रोज ती मंचावर मरायची, कधी विषाने, कधी सुरीने, आणि मग घरी येऊन पोलेंटा, म्हणजे मक्याची घट्ट लापशी, नि सॉसेजवर ताव मारायची. सगळ्यात वरचा स्वर जवळ आला की ती पायाच्या अंगठ्याने झग्याचा काठ दाबायची. मी तिथेच असायचो. तेवढं कळलं की तिचा आवाज निर्धास्त वर जायचा.

मिलानच्या एका वकिलाशी तिने लग्न केलं. त्याला जेवायच्या वेळी घरी असणारी बायको हवी होती, त्यामुळे ते फार टिकलं नाही. तिने नवा झगा शिवला आणि मला त्यात घातलं. दुःखाचं ती एवढंच करायची.

गावी आली की मात्र सुतारखान्यात डोकवायची. "बघ अदेल्मो, अजून हाच आहे. माझा मला सापडलेला."

"हं," म्हणून तो रंधा मारत राहायचा. त्याने लग्न केलं नाही. का, ते गावाला माहीत होतं, मला माहीत होतं, फक्त तिला नव्हतं.

वय कुणाला सोडतं? आवाज जड झाला. मोठ्या शहरांची बोलावणी थांबली. शेवटी गावच्या थिएटरने तिला बोलावलं. ती म्हणाली, "जिथे सुरू केलं तिथे मान राखून संपवते." तिला एवढंच हवं होतं, की आपल्या माणसांनी शेवटचा निरोप टाळ्यांनी द्यावा.

आणि नेमकी त्या प्रयोगाच्या दिवशीच काठाची शिवण उसवली. ती मंचामागे येरझारा घालत होती तेव्हा मी निसटलो आणि दोन फळ्यांच्या फटीत जाऊन पडलो.

"अदेल्मो, तो नाहीये! पडला रे कुठेतरी!" पुन्हा ती गुडघ्यांवर. या वेळी केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे. तिचा हात माझ्या अगदी शेजारून गेला. मला ओरडता आलं असतं तर!

अदेल्मोच्या खिशात आणखी वाकडे खिळे होते. नुसता एक पायाने सरकवला असता, तरी काम झालं असतं. पण तिला रडताना पाहून त्या भल्या माणसाला खरं बोलायची बुद्धी झाली.

"अगं, एका खिळ्यासाठी काय रडतेस? ऐक माझं. तो तुला सापडलाच नव्हता. मीच टाकला होता, या बुटाने सरकवला होता बाकाखाली. त्यात नशीब-बिशीब काही नव्हतं. गायलीस ती तू. गळा तुझा."

ती उठून उभी राहिली. "म्हणजे... तू दिलेला?"

"हो. म्हणून तर सांगतोय की..."

"गप्प बैस."

देर्नाने कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, हे आत्ता सांगायचं असतं होय?"

ती मंचावर गेली. फटीतून मला सगळं ऐकू येत होतं. सुरुवात बरी झाली. मग तो वरचा स्वर आला, तिचा पाय सवयीने झग्याच्या काठाकडे गेला, तिथे नुसतं कापड होतं. आवाज वर गेला आणि जुन्या चादरीसारखा टरकन फाटला. मग माळ्यावरून एक शिट्टी आली. न्हाव्याचीच होती ती. मागोमाग सगळ्या माळ्याने साथ दिली. मी लोखंडाचा, तरी मला ते सोसवलं नाही.

त्यानंतर ती गायली नाही. भांडी घासतानासुद्धा गुणगुणली नाही. चौकातल्या घरात देर्नाजवळ राहू लागली. अदेल्मोने फळी उचकटून मला शोधून काढलं, आणि मग त्याने एक वेडा उद्योग आरंभला. रोज मला तिच्या वाटेत टाकायचा. कधी उंबऱ्याशी, कधी चर्चच्या पायरीवर, कधी कारंज्याच्या कट्ट्यापाशी, आणि स्वतः खांबाआड उभा राहायचा. मी तिला दिसायचो. रोज दिसायचो. ती स्कर्ट सावरून मला ओलांडून जायची.

"या गावात हल्ली लोखंड फार सांडतं बाई," ती देर्नाला म्हणायची, खांबापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मग म्हातारा येऊन मला उचलायचा. वर्षानुवर्षं त्या दोघांत एवढंच बोलणं झालं.

एके दिवशी बाजारात चीजच्या गाड्याजवळ अदेल्मो छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. लोकांनी त्याला उचलून नेलं. त्याच्या फाटक्या खिशातून मी सटकलो आणि गाड्याखाली पडून राहिलो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

एर्सिलिया धावत आली तोवर तो गेला होता. तिच्या हातून टोपली सुटली. कांदे वेचायला ती वाकली आणि मी तिला दिसलो. तिने सवयीने खांबाकडे पाहिलं. खांबाआड कुणी नव्हतं. या वेळी मला कुणी ठेवलं नव्हतं, कुणी सरकवलं नव्हतं. तिने मला उचलून मुठीत घट्ट धरलं.

"सापडला," ती पुटपुटली. ऐकायला कोण होतं?

अंत्यविधीला जाताना तिने मला आपल्या काळ्या झग्याच्या काठात शिवलं. चर्चमध्ये सगळा माळा जमला होता. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली तशी ती उठली आणि शवपेटीशी जाऊन उभी राहिली. ऑपेरातलं काही नाही, आईचं खाचरातलं गाणं तिने म्हटलं. आवाज घोगरा, थकलेला. वरच्या स्वराला तो फाटला. ती थांबली नाही, फाटक्या आवाजाने वर जातच राहिली. म्हातारा न्हावी टोपी हातात घेऊन मान खाली घालून उभा होता. कुणी शिट्टी वाजवली नाही.

गाणं संपल्यावर ती पेटीवर वाकली. "ऐकलंस का रे?" एवढंच म्हणाली.

आता तीही गेली. देर्नाने तिला पांढऱ्या झग्यात निजवलं. मी राहिलो तिच्या काळ्या झग्याच्या काठात, कपाटाच्या अंधारात. गंज चढलाय, काठाला तांबडा डाग पडलाय. देर्नाला आता सुई दिसत नाही, त्यामुळे मला कुणी उसवेल असं वाटत नाही.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या आसपास कुणी गुडघ्यांवर रांगत आपलं नशीब शोधत असेल, तर त्याच्या हातात काही ठेवू नका. पायाने हळूच सरकवा आणि तोंड फिरवा. मग जन्मभर ते तोंड उघडू नका. प्रेमापोटी तर मुळीच नको.