दिवाणखान्यातला लिंब

मी लिंब. लिंबू नव्हे हो, लिंब. पुण्याकडची माणसं ज्याला कडुनिंब म्हणतात, तो. आमच्या लातूरकडं 'कडू' वेगळं सांगावं लागत नाही, एक पान चावलं की कळतं. बोलणंही माझं तसंच आहे, आधीच सांगून ठेवतो. गोड ऐकायचं असेल तर आंब्याकडं जा.

बाकीची झाडं बांधावर नाहीतर रस्त्याच्या कडेला जगतात. माझं बूड एका घराच्या दिवाणखान्यात आहे आणि शेंडा त्याच घराच्या गच्चीवर. मधे स्लॅब. पाहुणे येतात, चपला काढतात, मान वर करतात आणि म्हणतात, "अगं बया!" चाळीस वर्षं हेच ऐकतोय. त्यांना वाटतं मला घरात आणलंय. मी कुठला येतोय! मी होतो तिथंच आहे, घर माझ्याकडं आलं.

ते कसं, ते सांगतो.

बहात्तर साल. तेव्हा मी लातूरच्या बाहेर, नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्यालगत उभा होतो. ऐन जवानीत होतो, पण आजूबाजूला हिरवं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. विहिरी तळाला गेल्या होत्या. सरकारनं रस्त्याचं काम काढलं आणि गावोगावची माणसं खडी फोडायला आली. अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, वरून सरकारनं वाटलेली सुकडी, आणि दिवसभर हातोडीचा ठक् ठक् आवाज.

त्यात एक गुणाबाई होती. वीस वर्षांची असेल. कडेवर तीन महिन्यांचं लेकरू, भुजंग त्याचं नाव. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडं वर पाहिलं, माझी एक आडवी फांदी हातानं वाकवून बघितली आणि लुगड्याची झोळी करून तीत लेकरू टाकलं. मग झोळीखालीच बसली. सायकलच्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायची, म्हणजे चिपा डोळ्यात उडत नसत. मधोमध कधी मारायची नाही. दगड फिरवायची, त्याची शीर शोधायची आणि कडेला एकच ठोका. दगड फुटायचाच. मी झाड असून बघत बसायचो.

पाण्याच्या रांजणाला तिच्या लोकांना हात लावू देत नव्हते. वरून ओतायचे, तेही मोजकं. तिनं धारेखाली धरून आपला तांब्या भरून आणावा, अर्ध्यात लेकराचं तोंड पुसावं, उरलेलं प्यावं आणि शेवटचा घोट माझ्या बुडाशी टाकावा.

"खुळी हायेस का गं?" शेजारची म्हणायची. "माणसाला पाणी न्हाई, आन् झाडाला?"

"माझं लेकरू हाय की त्याच्यापशी," गुणाबाई म्हणायची. "आपल्या लेकराला जो सांभाळतो, त्याला घोटभर पाजू न्हाई व्हय?"

एक घोट म्हणजे काय? माझ्या मुळांना तो पोचतसुद्धा नसेल. पण त्या साली मला आठवणीनं पाणी देणारं दुसरं कोणी नव्हतं. मी ते विसरलो नाही.

पुढं दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. काय गडबड उडाली म्हणता! कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या मागं बाबू आले. माझ्या भोवतीच्या रानात दोऱ्या लावून प्लॉट पडले. एक दिवस एक माणूस आणि एक बाई हातात कागद घेऊन आली. बाईनं मला पाहिलं आणि उभ्या जागी रडायलाच लागली. गुणाबाईच होती ती! नवरा नरसिंग नव्या कलेक्टर कचेरीत कारकून लागला होता.

"अवं, हाच प्लॉट घ्यायचा," ती म्हणाली.

"मधोमध झाड हाय की. घर कुठं बांधावं?"

"त्याच्याभवती."

नरसिंगराव सरळ माणूस. बायकोपुढं आणि साहेबापुढं वाद घालायचा नाही, हे त्यांचं धोरण. पण केरबा मिस्त्रीनं डोक्याला हात लावला. "घरात झाड लाभत नसतंय वैनी. घरधन्याला खातंय ते."

"मिस्त्री, आमच्या लोकांनी छप्पन साली धम्म घेतला, तवाच ते समदं सोडलंय. अपशकुन मला सांगू नगा. तुमी स्लॅबला भोक ठेवा, आन् मोठं ठेवा. झाड वाढत आसतंय."

केरबानं बडबडत का होईना, काम चोख केलं. स्लॅबला माझ्या दुप्पट भोक ठेवलं. खाली माझ्या बुंध्याभोवती दोन हात माती उघडी सोडली, तिला शहाबादी फरशीचा काठ केला. पावसाचं पाणी माझ्या अंगावरून ओघळत त्या आळ्यात यायचं. न्हाणीचं सांडपाणीही पन्हाळीनं तिथंच सोडलेलं. झोळीची फांदी गुणाबाईनं तोडू दिली नाही. नरसिंगराव तिला कचेरीची पिशवी अडकवायचे. उन्हाळ्यात माझ्याखाली चटई टाकली की पंख्याची गरज नसे. पानं पडायची, घर झाडावं लागायचं, सून वैशाली आली तेव्हा तिनं नाक मुरडलं. "आत्या, हे झाड म्हणजे आणखी एक लेकरूच की. सारखं आवरत बसा!" पण चाललं होतं आमचं. नरसिंगराव गेले, तेव्हा माणसं माझ्याच बुडाशी बसली होती.

आता माझ्यावर संकट कसं आलं ते ऐका. कोणी दुष्मन आला नाही. माझ्यावर संकट आलं ते प्रेमापोटी.

भुजंग नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून इंजिनिअर झाला. चांगला मुलगा, आईला जीव लावणारा. दोन हजार चौदा साली त्यानं घर नवं करायला काढलं आणि पुण्याहून एक डिझायनर बोलावला. त्या गृहस्थानं मला बघून टाळीच वाजवली. "वाव! घरात निसर्ग! हाच आपला मेन फीचर!"

मी म्हटलं, चला, उशिरा का होईना किंमत कळली.

कसली किंमत! आधी माझी झोळीची फांदी गेली, 'फिनिशिंग'ला आड येते म्हणून. मग माझ्या अंगाला पॉलिश. मग दिव्यांची माळ. पानं पडून घाण होते म्हणून खालच्या अंगाला प्लास्टिकची हिरवी वेल गुंडाळली. खऱ्या झाडाला खोटी पानं! मला हसावं की रडावं कळेना. आणि शेवटी ती चकचकीत पांढरी फरशी, थेट माझ्या बुंध्याला भिडवून, वर सिमेंटची पट्टी. आळं गेलं. न्हाणीचं पाणी पाइपानं गटारात गेलं. गुणाबाई त्या महिन्यात उदगीरला बहिणीकडं होती. परत आल्यावर तिनं फरशीवर पाय ठेवला आणि विचारलं, "भुजंगा, आळं कुठं हाय रं?"

"माय, आता घाण नाही होणार. अन् झाडाची मुळं खोल असतात, त्याला काही होत नाही."

इंजिनिअरच तो. तिनं मानलं.

पहिलं वर्ष मी काढलं. दुसऱ्या वर्षी पाऊसच झाला नाही. लोकांनी बोअर मारमारून जमिनीची चाळण केली, खालचं पाणी कुठल्या कुठं गेलं. वरून तोंड बंद, खालून घसा कोरडा. दिवाळीतच माझी पानं गळाली. गुढीपाडवा आला, बाकी लिंबांना तांबूस पालवी आली, मला काही नाही. शहरात रेल्वेनं पाणी आलं, घरी टँकर आठ-दहा दिवसांनी. चौदा एप्रिलला जयंतीचे पाहुणे आले, एकानं मला टिचकी मारली. "वाळलं की हो हे. वादळात स्लॅब घेऊन पडंल."

भुजंगचा चेहरा उतरला. "दुष्काळानं मारलं त्याला," तो म्हणाला. आणि कापणाऱ्याला मंगळवार सांगितला. खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. त्याला भीतीच वाटत होती, घरात माणसं होती.

सोमवारी सकाळी भुजंग कामावर गेला. गुणाबाई माझ्यापाशी आली. प्लास्टिकची वेल ओढून काढली, साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं. बारीक, पण हिरवं. तिनं फरशीकडं पाहिलं, सिमेंटच्या पट्टीकडं पाहिलं. मग माळ्यावर चढली. चौसष्ट वर्षांची बाई, स्टुलावर स्टूल ठेवून! खाली आली तेव्हा हातात तीच हातोडी होती, बहात्तर सालची. दांडा तेवढा नवा.

फरशीवर पोतं टाकलं, मांडी घातली, बोटानं सांधा शोधला आणि कडेला एक ठोका.

वैशाली आतून धावत आली. "आत्या! आत्या, काय करालाव? अहो, एवढी फरशी..."

"खडी फोडालाव," गुणाबाई म्हणाली. "बस बाजूला, चिप लागंल."

ठक्. ठक्. काय सांगू तुम्हाला! चव्वेचाळीस वर्षांनी तो आवाज ऐकला आणि माझ्या वाळल्या फांद्यांवर काटा आला. दुपारपर्यंत माझ्याभोवती दोन हात माती उघडी झाली होती. वैशालीनं तुकडे घमेल्यात भरून बाहेर नेले. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

भुजंग आला आणि दारातच थांबला. "माय, हे काय केलंस? उद्या ते कापायला येणार..."

"तुझी झोळी कुठं व्हती रं?"

भुजंगनं कापलेल्या फांदीच्या गाठीकडं पाहिलं.

"माझ्या हातात ही हातोडी व्हती, तवा तुला उन्हातून कुणी राखलं? रस्त्यावर दुष्काळ व्हता तवा हे वाळलं न्हाई. तुझ्या घरात वाळालंय. मातीला हात लाव."

भुजंग खाली बसला. मातीत बोटं घातली. राखेसारखी भुकटी वर आली. इंजिनिअर होता ना, कळायला वेळ लागला नाही. पन्हाळीची जागा बघितली, गटाराकडं गेलेला पाइप बघितला, आणि कपाळावर हात मारून घेतला. "मीच मारत होतो की गं याला." मग त्याच कपड्यांत करवत घेऊन पाइप कापायला बसला.

मंगळवारी कापणारे आले, चहा पिऊन परत गेले.

पण माती उघडी केली म्हणून झाड लगेच हिरवं होत नाही. मी जगेन याची खात्री मलाही नव्हती. टँकरच्या पाण्यात घर चालायचं. तांदूळ धुतलेलं पाणी, भांडी विसळलेलं, अंघोळीचं, सगळं माझ्या आळ्यात. आणि ते आणायची कोण? वैशाली! "घे बाबा, घे, पण पानं जरा बेतानं गाळ," म्हणत ओतायची. गुणाबाई रोज सकाळी चष्मा लावून माझी साल तपासायची. मी जीव खाऊन पाणी वर ओढत होतो. तिच्यासाठी ओढत होतो, उगाच मोठेपणा कशाला सांगू.

बुद्ध पौर्णिमेला दोन दिवस होते. पाऊस अजून लांब होता. झोळीची फांदी जिथून कापली होती, त्या गाठीवर, दिवाणखान्यातच, एक तांबूस कोंब फुटला. गुणाबाईनं तो बघितला, बोट लावलं आणि मोठ्यानं हाक मारली, "भुजंगा! ये रं, तुझी फांदी आली बघ!"

आज त्या फांदीला वैशालीची पर्स लटकते. आळ्याभोवती फुटक्या पांढऱ्या फरशीचा काठ आहे, वेडावाकडा. भुजंगनं तो तसाच ठेवलाय. पाहुणे विचारतात, "हे डिझाइन कुणाचं?" तो म्हणतो, "आमच्या मायचं."

गुणाबाई आता थकलीय. खाटेवर बसून असते, हातोडी खाटेखाली. तिच्यानं तांब्या आता उचलवत नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. घरात झाड जरूर आणा, दगड आणा, माती आणा. पण शोभेपुरतं आणू नका. आम्हाला पॉलिश नको, दिव्यांची माळ नको. बुडाशी दोन हात माती उघडी ठेवा, आणि पानं गाळली तर झाडून घ्या, रागावू नका.

काल दुपारी भुजंग उन्हातून आला. उभ्या उभ्याच तांब्याभर पाणी प्यायला, फोनवर कुणाशी तरी बोलत होता. बोलता बोलता, लक्ष नसताना, तांब्यातला शेवटचा घोट त्यानं माझ्या बुडाशी ओतला. खाटेवरून गुणाबाईनं ते पाहिलं, आणि भिंतीकडं तोंड करून निवांत झोपली.