तणसातला भात

“शिजते माहा भात
तणसाच्या कुशीत,
निजला व विस्तू
राखेच्या उशीत…”

गिरजामावशीचा हा आवाज भाताच्या रोवणीच्या चिखलातून यायचा, भंडाऱ्याकडच्या गावात. सकाळी ती भाताला दोन उकळ्या द्यायची, गंज चुलीवरून उतरवून तणसाने, म्हणजे भाताच्या पेंढ्याने, भरलेल्या टोपल्यात ठेवायची आणि वरून जुनी गोधडी दाबायची. मग चुलीतला विस्तव राखेखाली झाकून धानाच्या बांधीत निघून जायची. दुपारी बाया पाय धुऊन परतत, तोवर भात आपला आपण शिजलेला असे. लहानग्या रुक्माला वाटायचं, मावशीला मंत्र येतो.

पुढे रुक्माचं लग्न झालं, नवरा दयाराम भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागला आणि मावशीचा आवाज तिकडेच राहून गेला. इथे दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, पुढे पायरी, मागे अंगण. ओळीतल्या साऱ्या बाया सकाळी अंगणात कोळशाच्या सिगड्या पेटवत आणि धूर सरला की लाल झालेली सिगडी उचलून आत नेत. मग ती दिवसभर धगधगत राही. काही शिजत नसलं तरी कोणी विझवत नसे. पेटलेली सिगडी म्हणजे नांदतं घर, अशी सगळ्यांचीच समजूत.

दयारामची ड्यूटी भट्टीवर होती, वितळलेलं लोखंड बाहेर पडतं तिथे. सकाळची पाळी करून तो दुपारी घरी यायचा. उन्हाळा लागला तसा तो ताट घेऊन पुढच्या पायरीवर बसायला लागला. बाहेर लू वाहत असायची, भातात धूळ उडायची, तरी आत यायचा नाही. रुक्माने विचारलं तर म्हणायचा, “इथं बरं वाटते.” आताशा बिडीही ओढत नव्हता, तळहातावर तंबाखू मळत बसायचा. बोलणं तर जवळजवळ बंदच.

शेजारची बेबीताई एकदा म्हणालीच, “काय व रुक्मा, नवऱ्याले घरात जागा नाही देत का? पायरीवर जेवून राहिला बिचारा!”

रुक्मा हसली, पण ते बोलणं तिला कुसळासारखं टोचत राहिलं. आपल्या हाताला चव नाही? की आपण आवडेनासे झालो? रात्री अंथरुणावर ती हे विचारायचं ठरवायची आणि सकाळी विसरल्याचं सोंग करायची.

मग एक दिवस डेपोत कोळसाच आला नाही. उरल्यासुरल्या चुऱ्यावर तिने सकाळीच भात-वरण केलं आणि सिगडी विझली. दुपारी दयाराम आला. ताट घ्यायला आत वाकला, विझलेल्या सिगडीकडे बघितलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसला. भात पार निवला होता. तरी दोनदा मागून घेतला.

“आज रशियन साहेबानं भेदरं, अख्खं टमाटर, सफरचंदासारखं खाल्लं,” तो एकाएकी म्हणाला. “कचकन चावलं, अन् सारा रस शर्टावर!”

रुक्मा इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. किती महिन्यांनी तो असा बोलला होता! उष्टं काढताना तिच्या ध्यानात आलं. माणूस सारी पाळी भट्टीपुढे भाजून येतो. घरी आल्यावर पुन्हा त्याच्यापुढे आग कशाला मांडायची?

त्या दुपारी गिरजामावशीचा आवाज पुन्हा ऐकू आला.

जवळच्या कोहका गावाहून दूध घालायला येणाऱ्या बाईने तिला भारा भरून तणस आणून दिलं. रुक्माने मोठ्या टोपल्यात ते दाबून भरलं, मध्ये गंजापुरता खळगा ठेवला, जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं. पहिल्या दिवशी तांदूळ कच्चा राहिला. दुसऱ्या दिवशी तिने एक उकळी जास्त दिली आणि टोपल्यात हात घालून बघितलं, तर आतलं तणस कोंबडीच्या पोटाखालच्या जागेसारखं ऊबदार होतं.

आता दोन उकळ्या येईपर्यंतच सिगडी. वरणाचंही तेच. मग निखारे चिमट्याने उचलून राखेत पुरायचे. संध्याकाळच्या चहाला तेच फुंकायचे. कोळशाचं पोतं सरता सरेना. भिंतीवरची काजळी थांबली, तिच्या डोळ्यांची आग थांबली, आणि दुपार अशी मोकळी मिळाली की अंगणात तिने दोडक्याचा वेल चढवला. दयारामला घर गार मिळायचं आणि भात गरम. तो आत बसून जेवायचा. तिने कधी कारण सांगितलं नाही, त्यानेही कधी विचारलं नाही. बेबीताईने टोपल्यात डोकावून नाक मुरडलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “कोळसा वाचते, बाई.” पंधरवड्याने बेबीताईकडेही तणसाचं टोपलं दिसलं.

वैशाखात सासू आली. गयाबाईच्या डोळ्यांत लेक मावत नव्हता. गावात ती सांगत फिरायची, “माहा दया आगीले गाईसारखी दोहते. लोखंडाच्या धारा काढते!” इथे आल्यावर संध्याकाळी भट्टीच्या बाजूचं आभाळ तांबडं झालं की ती हात जोडायची. आपल्याच लेकाने ते रंगवलं, असं तिला वाटायचं.

आणि अशा लेकाच्या घरात विझलेली सिगडी!

“कावून व, एवढी कंजुसी?” तिने पहिल्याच दिवशी विचारलं. “आगीच्या मालकाच्या घरी आगीले उपास? राखेखाली काय पुरून ठेवलं, निखारे का सोनं?”

“आत्याबाई, भात गरमच असते. हात लावून पाहा ना.”

“तणसात ढोरं बसतात, भात नाही बसत!”

रुक्मा भांडी आवरायला लागली. खरं कारण सांगावं तर लेक आगीने थकतो असं म्हटल्यासारखं झालं असतं, आणि गयाबाईच्या तोंडावरचा तो आनंद तिच्याच्याने पुसवेना. ‘इथं बरं वाटते’ असं म्हणणारा माणूस पुन्हा पायरीवर जाऊन बसेल, एवढीच धास्ती तिला होती. दयारामही त्या दिवशी मान खाली घालून जेवला. आई बायकोला कंजूस म्हणत राहिली, आणि तो भातातले खडे शोधत राहिला.

दुसऱ्या दिवशी गयाबाईने सूनबाईला अंगणात कपड्यांना बसवलं आणि सिगडीचा ताबा घेतला. काठोकाठ कोळसा भरला. पंख्याने वारा घालून घालून असा फुलवला, की निळ्या जिभा वर आल्या. लेक आला की त्याच्या पानात तव्यावरची भाकर थेट पडावी, टम्म फुगलेली, लहानपणी पडायची तशी. कपाळावरून घाम वाहत होता आणि ती गुणगुणत होती.

भोंगा झाला. थोड्या वेळाने दयाराम दारात आला.

“ये रे बाप्पा, बस!” गयाबाई म्हणाली. “आज पाह्य, घर कसं जितं झालं!” आणि तिने भाकर तव्यावरून थेट निखाऱ्यांवर टाकली. ज्वाळा भसकन वर आली.

दयारामने चौकट धरली. पाय उंबऱ्याबाहेरच राहिला.

“काय झालं रे?”

त्याने ताट मागितलं, आणि ते घेऊन पायरीकडे वळला. अंगणातून आलेल्या रुक्माने ते पाहिलं. पिळलेलं धोतर तिच्या हातातच राहिलं.

गयाबाईचा चेहरा उतरला, मग तापला. “पाह्यलं? सवयच मोडली पोराची! या बाईनं दोन टोपले कोळशापायी माह्या लेकाले त्याच्याच घराचा पाहुणा करून टाकला. थंड घर, थंड बायको! म्या सांगते, आता ही सिगडी म्या हाये तोवर इझणार नाही, अन् ते तणस आजच गाईले…”

तिने टोपलं उचललं. सकाळी रुक्माने आत ठेवलेला गंज कलंडला, वाफ आली. रुक्मा पुढे झाली, पण सासूच्या हातातून कसं ओढून घेणार? तिने दयारामकडे पाहिलं. काही मागितलं नाही, फक्त पाहिलं.

दयारामने ताट पायरीवर ठेवलं. तो आत आला, भिंतीच्या कडेकडेने, सिगडीकडे पाठ करून, आणि आईच्या हातातलं टोपलं त्याने दोन्ही हातांनी धरलं. टोपल्यातलं तणस सळसळत होतं.

“तिले काही म्हणू नको, माय,” तो म्हणाला. “मले आगीचं भेव वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. रोज.”