मास्तरांचा शेवटचा शर्ट

मास्तर विधुर, मी विधवा. त्यांचं शिंपीकामाचं दुकान बंद झाल्यावर कापडाच्या ताग्यांआडच्या खोलीत आम्ही नुसत्या गप्पाच मारायचो असं कुणाला वाटत असेल, तर वाटो बापडं. आता मूल होण्याची भीती नाही, मग निरोध कशाला, असं मास्तर म्हणाले आणि मीही हसले. दोघांनी अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

मग मी वाळायला लागले. मास्तर माझे कपडे दोन्ही बाजूंनी टीप मारून असे आत घ्यायचे, की एका घरात राहणाऱ्या सुनेलाही पत्ता लागला नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. पोरानं मान डोलावली. दवाखान्यात माझं दुखणं नेहमी तोच सांगायचा, मी आपली स्टुलावर ठोकळ्यासारखी.

तापानं आडवी झाले तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या जिभेवरचे पांढरे चट्टे पाहिले. पोराला बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं, कुणाशी संबंध आहे का. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला. रोज गोळी घेतली तर चांगली जगाल, म्हणाल्या, आणि त्या गृहस्थांनाही लगेच पाठवा.

बरं वाटताच दुकान गाठलं. मास्तर मशीनवर बसून खोकत होते. सगळं सांगितलं. कुणी कुणाला दिलं, हे मी विचारलं नाही. त्यांनी मात्र विचारलं. तळपायाची आग मस्तकात गेली, तरी हात जोडले.

"मास्तर, रक्त तेवढं तपासा. औषध आहे याला."

"या वयात त्या तपासणीच्या रांगेत उभा राहू? लेकीला तोंड कसं दाखवू?"

मी पुन्हा गेले, पुन्हा तेच. त्यानंतर मला येताना पाहून त्यांनी शटर ओढून घेतलं.

पुढे मास्तर वारले. गोळ्या घेऊन दवाखान्यातून परतताना दुकान उघडं दिसलं, आत त्यांची लेक आवराआवर करत होती. मी तिच्या लेखी बाबांचं जुनं गिऱ्हाईक. बाबांचा शर्ट हातात धरून म्हणाली, शेवटपर्यंत किती टापटीप दिसायचे, पण वयच झालं होतं हो मावशी.

मी शर्ट घेतला आणि उलटा केला. बगलेपासून खालपर्यंत टिपेच्या आत टीप, तिच्याही आत आणखी एक. दुमडलेलं कापड बोटांना जाड लागलं. रांगेची लाज वाटणारा हा माणूस मशीनवर बसून आपलं झिजणं झाकत राहिला होता. मेलेल्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि रडूही आवरेना.

लेकीनं स्टूल पुढे केलं.

"वय नव्हतं गं झालं," मी म्हटलं. "ज्यानं त्यांना जगवलं असतं ते औषध माझ्या या पिशवीत आहे. मी रोज घेते."